वंशावळीत आजी कुठे आहे?

गेली दोन-तीन वर्षे आपल्याकडे गावोगाव एक नवीच धावपळ चालू आहे. सगळ्यांना आपापले पणजोबा हवे आहेत. २०२३ साली मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले, सरकारने न्या. संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. तेव्हापासून तहसील कचेरीतल्या रेकॉर्ड रूमसमोर रांगा लागल्या. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो भाव आला. गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, खरेदीखते, कोर्टाचे निकाल, असे जे सापडेल ते लोक पुढे आणू लागले. आरक्षणाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण ह्या निमित्ताने घराघरांत वंशावळी लिहिल्या गेल्या, स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्रे झाली. त्यांतल्या काही मला कामाच्या निमित्ताने पाहायला मिळाल्या. सगळ्यांच्या टोकाला ‘मूळ पुरुष’, त्याखाली त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे आणि तळाशी अर्जदार. पाच-पाच पिढ्यांत एकही बाई नाही. कुळ इतकी वर्षे चालले तरी कसे, असा प्रश्न कोणाला पडत नाही.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मी बायकांच्या जमीनहक्काचे काम करते. सोशल वर्कचे शिक्षण घेताना आम्हाला कुटुंबाचा नकाशा काढायला शिकवले होते: चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. इथे येऊन पाहिले तर सरकारी नकाशात गोल नाहीतच! म्हणून जुन्या कागदांत बाई शोधायची कुठे आणि शोधून उपयोग काय, याबद्दल थोडे लिहावेसे वाटले. आपल्यातल्या काहीजणींना वंशावळ म्हणजे जातीचा अभिमान मिरवण्याचे साधन वाटते, आणि चळवळीने त्यापासून लांब राहावे असे त्या म्हणतात. मला हे पटत नाही. वंशावळ आपण जातसंघटनांच्या हाती सोडली तर ती आहे तशीच, बिनबायकांची राहणार. आणि तिच्याच जोरावर आज बहिणींचे हक्क बुडवले जात आहेत.

आधी इंदापूरविषयी सांगते, कारण ज्या कागदावर बाईचे नाव नसते त्या कागदाची सुरुवात इथे झाली. पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारने पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी केली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याचा १८३०च्या सुमाराचा सारा इतका जड होता की शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातच पुन्हा मोजणी केली आणि १८३६ साली तीस वर्षांसाठी नवा सारा ठरला. तेहतीस फुटी साखळीने रान मोजायचे, प्रत्येक तुकड्याला नंबर द्यायचा आणि नंबरापुढे एका खातेदाराचे नाव लिहायचे, ही पद्धत इथून पुढे मुंबई इलाखाभर गेली. सरकारला सारा कोणाकडून वसूल करायचा एवढेच त्यातून हवे होते. रान खुरपते कोण, बी राखते कोण, हा सरकारचा प्रश्न नव्हता. १९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा आला, फेरफार आले, पुढे सातबारा आला, तरी मूळ घडण तीच राहिली: एक नंबर, एक माणूस, आणि माणूस म्हणजे पुरुष.

त्याआधी १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात काय झाले ते आपण शाळेत शिकलो आहोत. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडीत होते. (जुने कागद पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. बारामती तालुका शोधत बसलात तर तो सापडत नाही, भीमथडी शोधावा लागतो.) शेतकऱ्यांनी सावकारांची घरे फोडून रोखे, गहाणखते आणि हुकूमनामे जाळले. कागद आपला वैरी आहे हे त्यांना नीट कळले होते. त्या दंग्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. या कायद्यामुळे कोर्टाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ हिशेब तपासता येऊ लागला, गहाण जमीन हप्त्याने सोडवून देता येऊ लागली. हा कायदा इथे एवढ्यासाठी सांगते की पुढच्या हकिकतीत तो येणार आहे.

हकिकत एका मावशींची आहे. नाव-गाव देत नाही. वय पंचावन्नच्या आसपास. माहेर इंदापूर तालुक्यात नीरा डाव्या कालव्याच्या टेलला, सासर बारामती तालुक्यात. लग्न १९८८ सालचे. नवऱ्याने टाकल्यावर काही वर्षे माहेरी, मग खोली करून मजुरीवर. वडील १९९९ साली वारले. वारसनोंद झाली ती आई आणि दोन भावांची. मावशींचे नाव ‘इतर हक्कात’सुद्धा नाही. पालखी मार्गाच्या रुंदीकरणासाठी त्या भागातल्या जमिनी गेल्या, मोबदल्याचे पैसे गावात आले, तेव्हा भावांनी त्यांना साडीचोळी घेऊन बोलावले आणि ‘एक सही कर’ म्हणाले. ती सही हक्कसोडपत्रावर होती. मावशींनी सही केली नाही आणि आमच्याकडे आल्या.

भावांचे म्हणणे सरळ होते. वडिलांनी मृत्युपत्र करून सगळी जमीन मुलांना दिली आहे, कारण जमीन त्यांची स्वकष्टार्जित होती. सातबाऱ्यावर १९६२पासून वडिलांचे एकट्याचे नाव होते हे खरे. थोरला भाऊ मला म्हणाला, “ताई, तुम्ही बाहेरच्या. आमच्या मूळ पुरुषानं हे रान खडकातनं काढलं, वडलांनी राखलं. बाईमाणसाचा यात काय संबंध?” एका दमात त्याने जमीन वडिलांनी कमावली असेही सांगितले आणि मूळ पुरुषाने काढली असेही. आम्ही दुसरे वाक्य पकडले.

इथे कायदा थोडा समजून घ्यायला हवा. वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. पण जमीन वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची असेल तर त्यांना फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करता येते. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना जन्मतः हिस्सा देणारी दुरुस्ती केली. पहिले महिला धोरणही त्याच वर्षीचे. पण त्या दुरुस्तीतून आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. म्हणजे १९८८ला लग्न झालेल्या आमच्या मावशी बाहेर. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट काढली. तरी वडील ९ सप्टेंबर २००५ला हयात होते का, यावर कोर्टांत घोळ चालू राहिला. तो ११ ऑगस्ट २०२०च्या विनीता शर्मा खटल्यातील सुप्रीम कोर्टाच्या निकालाने संपला. मुलीचा हक्क जन्माने आहे, तेव्हा वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४पूर्वी नोंदणीकृत किंवा कोर्टाचे वाटप झालेले असेल तर मात्र ते उकरता येत नाही. इथे तसे वाटप झालेले नव्हते. तेव्हा प्रश्न एकच उरला: जमीन वडिलांच्या आधी कोणाची होती? म्हणजे आम्हालाही पणजोबाच शोधायचे होते.

सातबाऱ्यावर डाव्या बाजूला वर्तुळात फेरफारांचे नंबर असतात. एकेका नंबराची नक्कल काढत मागे जायचे असते. १९६२चा फेरफार काढला तर तो वारसाचा निघाला. आजोबा मयत, वारस मुलगा एक. स्वकष्टाचा मुद्दा तिथेच डळमळला. त्याच्या मागचा फेरफार मिळायला तीन महिने लागले. एका कार्यालयात आम्हाला ‘रजिस्टर फाटले आहे’ असे दोनदा सांगण्यात आले, तिसऱ्यांदा लेखी मागितले तेव्हा ते सापडले. साल १९१९. खातेदार ‘तापाचे साथीत मयत’. १९१८च्या इन्फ्लुएन्झाने घरेच्या घरे बसली होती, त्यातलाच हा एक. त्याच्या जागी दोन मुलांची नावे आणि पुढे तीन अक्षरे: अ. पा. क.

मैत्रिणींनो, ही तीन अक्षरे ओळखायला शिका. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुले लहान असली की जमीन त्यांच्या नावे लागते आणि सांभाळणाऱ्याचे नाव असे कोपऱ्यात येते. पुष्कळदा ती आई असते. आपल्या जुन्या कागदांत बाई सापडण्याची ही सर्वांत मोठी जागा. हिचेही नाव होते, ‘कोम’ अमुक असे. जुन्या कागदांत पुरुषाला ‘बिन’ लागतो, म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि बाईला ‘कोम’ लागतो, म्हणजे अमक्याची बायको. पुढे कोमचे ‘भ्रतार’ झाले, ‘भ्र.’ झाले, विधवेच्या नावामागे ‘गं. भा.’ आले. मग १९२९च्या सुमारास मुलगा सज्ञान झाल्याचा दुसरा फेरफार. ‘अ. पा. क. शेरा कमी केला.’ त्या एका ओळीने पणजी सरकारी कागदातून गेली ती गेली.

मधल्या दहा वर्षांत तिने काय केले ते फेरफारात नाही. ते एका पत्र्याच्या पेटीत होते. मावशींच्या वडिलांची बहीण, म्हणजे आत्याबाई, आज सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी ती पेटी जपली होती. त्यात मोडीतले एक गहाणखत, कोर्टाच्या हुकूमनाम्याची नक्कल आणि दोऱ्यात ओवलेल्या पावत्या निघाल्या. पुण्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी मोडी वाचून दिले. पणजोबांनी १९११ साली निम्म्याहून जास्त रान सावकाराकडे गहाण टाकले होते. घरात सांगितली जाणारी ‘खडकातून रान काढणारा मूळ पुरुष’ ही गोष्ट खोटी नसेल, पण तो गेला तेव्हा रान सावकाराकडे होते. त्याच्या विधवेने, मुलांची पालनकर्ती म्हणून, कर्जनिवारण कायद्याखाली गहाण फेडून घेण्याचा दावा केला. कोर्टाने हिशेब तपासून १९२६ साली हप्ते बांधून दिले. प्रत्येक पावतीवर तिची निशाणी आहे. शेतकरी पुरुष नांगराची निशाणी करीत. हिच्या नावापुढे बांगडी काढली आहे. नवरा आठ वर्षांपूर्वी गेला होता, हातात बांगडी नव्हती, तरी बाईची निशाणी बांगडीच!

आत्याबाई सांगतात, “लई खमकी व्हती म्हातारी. ऊस खुरपायला दुसऱ्याच्यात जायची, अन् हप्त्याचा पैका लुगड्याच्या वट्यात बांधून चालत कोरटात जायची. मला म्हणायची, पोरी, कागुद टाकू नगं.” आत्याबाई बारा वर्षांच्या होईपर्यंत ती होती.

मला एक प्रश्न राहून राहून पडतो. नवरा गेला तेव्हा ती चोवीस-पंचवीसची असावी. तिच्या समाजात पाट लावण्याची रीत होती, त्यात कमीपणा नव्हता. तिने पाट का लावला नाही? घरचे म्हणतात, मोठी पतिव्रता होती. असेलही. पण १८५६चा विधवाविवाहाचा कायदा वाचला की दुसरे उत्तरही दिसते. ज्याला आपण सुधारणेचा कायदा म्हणतो त्याच्या दुसऱ्याच कलमात पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपतो असे लिहिले होते. तिसऱ्या कलमानुसार तिने लग्न केले की नवऱ्याच्या नातेवाइकांना मुलांसाठी दुसरा पालनकर्ता नेमण्याची मागणी कोर्टात करता येई. ब्राह्मण विधवेला जो कायदा दार उघडणारा ठरला तोच पाट लावणाऱ्या शेतकरी जातींच्या विधवेला जाचक झाला. ज्या जातींत पाटाची रूढी आधीपासून होती त्यांनाही हे लागू होते असे मुंबई हायकोर्टाने धरले. अलाहाबाद हायकोर्टाने मात्र उलट मत दिले होते. म्हणजे आमची पणजी उत्तरेकडे असती तर गोष्ट वेगळी झाली असती. पाट लावला असता तर दावा चालवणारी ती उरली नसती, एखादा दीर उरला असता. तिने जमीन धरली असे मी म्हणते. पतिव्रता म्हणून तिचा फोटो भिंतीवर लावायचा आणि दावेदार म्हणून नाव विसरायचे, ही सोय मला मान्य नाही. हा १८५६चा कायदा १९८३ साली रद्द झाला. त्याने किती घरांतल्या बायकांना गप्प बसवले याचा हिशेब आपण अजून मांडलेला नाही.

आणि आता गंमत पाहा. हे सगळे कागद आम्ही वकिलांपुढे ठेवले तेव्हा ते खूश झाले. जमीन चार पिढ्यांची वडिलोपार्जित ठरते, मृत्युपत्राचा जोर जातो. पण कायद्याच्या भाषेत ती जमीन पणजोबांचीच. पणजीने ती सोडवली याला मालकीच्या हिशेबात शून्य किंमत. तेव्हाच्या कायद्याने मुलगे असताना विधवेला हिस्साच नव्हता, होती ती पोटगी. १९३७ साली देशमुखांच्या कायद्याने विधवेला मर्यादित हिस्सा दिला, तर १९४१ साली फेडरल कोर्टाने सांगितले की तो शेतजमिनीला लागू नाही. मग प्रांताला वेगळा कायदा करून तो लागू करावा लागला. बाई कुठे मालक होऊ लागली की मध्येच शेतजमीन आडवी येते, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. १९५६च्या कायद्याने तिला पूर्ण मालकी दिली खरी, पण तोपर्यंत आमची पणजी गेली होती.

आत्याबाईंचे तर आणखीच. १९६२च्या फेरफारात ‘वारस मुलगा एक’ असे लिहिले आहे, तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या आणि लग्न होऊन शेजारच्या गावात नांदत होत्या. १९५६च्या कायद्याप्रमाणे बापाच्या हिश्श्यात त्या वारस होत्या. त्यांना कोणी विचारलेच नाही. म्हणजे मावशींचे नाव १९९९ला गाळले ते काही नवे नव्हते, घराची रीत होती ती. आत्याबाई मात्र म्हणतात, “मला जिमीन नगं आता. पर मी हाय हे लिवा.”

आता कोर्टाच्या कागदांबद्दल. हे आपल्या कार्यकर्त्यांना फारसे माहीत नसते. वाटपाच्या दाव्यात पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात वंशवेल द्यावीच लागते, आणि सर्व हिस्सेदारांना पक्षकार करावे लागते. कोणी राहिले तर त्याच मुद्द्यावर दावा अडतो. म्हणून ज्या मुली महसूल दप्तरात कुठेच नसतात त्या कोर्टाच्या कागदांत प्रतिवादी नंबर पाच, सहा, सात म्हणून हजर असतात. भावकीत कधी भांडण झाले असेल तर ते तुमच्या आजीचे सुदैव समजा. पोटगीचे दावे पाहा, कुठल्या जमिनीवर विधवेच्या अन्नवस्त्राचा बोजा चढवला आहे ते पाहा. बाई सुखात असती तर कागदावर आलीच नसती, असे कधीकधी वाटते.

कोर्टाबाहेरही जागा आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिंडदानाच्या निमित्ताने आई, आजी, पणजीची नावे अनेकदा मिळतात. धर्माला मेलेली बाई चालते, दप्तराला जिवंत चालत नाही! हेळवी येतात त्यांच्याकडेही घराण्याची माहिती असते, पण ती बहुधा पुरुषांच्या ओळीने. सर्वांत मोठी अडचण नावाची. माहेरी एक नाव, लग्नात बदललेले दुसरे, पाट लागला तर तिसरे. आमच्या पणजीचे कागदावरचे नाव सासरचे, माहेरचे नाव फक्त आत्याबाईंना ठाऊक. म्हाताऱ्या बायकांशी बोलताना पहिला प्रश्न ‘माहेरी काय म्हणायचे?’ हाच विचारा आणि ‘उर्फ’ लावून दोन्ही लिहा. महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा निर्णय झाला आहे. चांगले आहे. पण ती मुले पणजोबा होतील तेव्हाची ती सोय, मागच्यांचे आपणच पाहायला हवे.

ज्यांच्याकडे कधी जमीनच नव्हती त्यांचे काय, हा प्रश्न योग्यच आहे. महार वतनाच्या जमिनी पाळीने कसल्या जात आणि तिथेही वतनदार म्हणून पुरुषाचेच नाव. भूमिहीन घरातल्या बाईचा माग गाव नमुना १४ किंवा शाळेच्या रजिस्टरात लागला तर लागतो. टाकलेल्या बाईची तर आजही पंचाईत असते. मुलांच्या जातीच्या दाखल्यासाठी नवऱ्याकडचे कागद आणा म्हणतात, आणि नवऱ्याकडचे लोक तिला उंबऱ्यावर उभे करत नाहीत. ह्या विषयावर वेगळे लिहायला हवे.

इंदापुरात आणखी एक मोठे उदाहरण होऊन गेले. वालचंदनगर आणि रत्नपुरी मळ्यांच्या खंडाने गेलेल्या जमिनी. साखर कारखान्यासाठी घेतलेल्या या जमिनी १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर शेती महामंडळाकडे गेल्या आणि खंडकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या लढा दिला. २०१२पासून त्या परत मिळू लागल्या तेव्हा मूळ खंडकऱ्याचे वारस आहोत हे घराघराला सिद्ध करावे लागले. अशा वेळी वंशावळ म्हणजे नुसता अभिमान राहत नाही, ती एकरांत मोजली जाते. मुली आणि नाती त्या अर्जांत किती होत्या, हे आपल्या गटांनी आपापल्या गावात विचारावे. उजनी धरणात गेलेल्या गावांतही हाच प्रश्न आहे.

बायका मला विचारतात, भावाविरुद्ध उभे राहून माहेर तुटेल त्याचे काय? मी खोटे बोलत नाही. तुटते. मावशींच्या भावांनी दोन दिवाळ्या झाल्या, बोलणे टाकले आहे. पण सही दिल्यावर माहेर टिकतेच असेही मी पाहिलेले नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम केला, नवऱ्यांनी आपणहून बायकांच्या नावे जमीन केली, १९९२ साली सरकारनेही पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची योजना काढली. त्याचे मोल आहे. पण नवऱ्याने देणे आणि मुलीने हक्काने घेणे यांत फरक आहे. दुसरे आपण अजून फारसे करत नाही. २०१५-१६च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांत बाया सुमारे १४ टक्के होत्या. रानात गेल्यावर दिसणारे प्रमाण तुम्हाला माहीतच आहे.

दोन गोष्टी शिबिरात बायकांना पक्क्या सांगा. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क गेला असे नाही. ती नोंद महसुलासाठी आहे, मालकीचा निवाडा कोर्ट करते. पण नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर सही केली की हक्क खरोखर जातो आणि तो परत मिळवणे महाकठीण. ‘फक्त बँकेच्या कर्जासाठी सही पाहिजे’ असे सांगून हेच कागद पुढे करतात. वाचून घ्या, नक्कल मागा, एक दिवस तरी थांबायला सांगा. दुसरे म्हणजे वारसनोंदीची नोटीस. नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते, फेरफार धरला जातो, चावडीवर नोटीस लागते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. चावडीवरची नोटीस वाचायला बाई कधी जाते? तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात त्यांना भाऊसाहेबच म्हणतात. आमच्या गटांच्या बायका महिन्यातून एकदा जोडीने जाऊन भाऊसाहेबांना विचारतात, “या महिन्यात कोण वारलं, वारस किती लिहिले, मुली किती लिहिल्या?” पहिल्यांदा हसले. आता वही उघडून दाखवतात. गेल्या वर्षी दोन ठिकाणी मुलींची नावे ह्या विचारण्यामुळेच लागली.

मावशींचा दावा दिवाणी कोर्टात २०२२पासून चालू आहे. दावा लिहिताना वकिलांनी वंशवेल काढली, सवयीप्रमाणे वर ‘मूळ पुरुष’. आम्ही पणजीचे नाव शेजारी लिहायला सांगितले. ते म्हणाले, कायद्याला गरज नाही. आम्ही म्हणालो, आम्हाला आहे. त्यांनी लिहिले, उर्फ लावून माहेरच्या नावासकट. आत्याबाई प्रतिवादी नंबर चार आहेत. १९२६चा हुकूमनामा आणि पावत्या दाखल झाल्या आहेत. भावांच्या वकिलांनी त्या कागदांना हरकत घेतली आहे, तेव्हा पेटी कोणाकडे होती, कशी आली, हे आत्याबाईंनाच सांगावे लागेल. त्यांना आता कोर्टाच्या पायऱ्या चढवत नाहीत. कमिशन नेमून त्यांचा जबाब घरी घ्यावा असा अर्ज दिला आहे. त्यावर पुढच्या तारखेला सुनावणी आहे.